काळ्या दगडातला खड्डा

वाशिंदहून माहुलीचे सुळके दिसतात. ते ज्या काळ्या दगडाचे आहेत, जुन्या घरांची जोती ज्यात बांधली आहेत आणि नव्या इमारतींची खडी ज्यातून निघते, तो सगळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. हाच दगड पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यातही आहे, आणि तिथे लोणारला त्यात एक गोल खड्डा पडलेला आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर, तळाशी खारं पाणी.

गावाच्या कथेत हा खड्डा लवणासुराचा. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, त्या नावाचं कोरीव मंदिर आजही गावात आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली आणि पुढचं जवळपास दीड शतक बहुतेक भूशास्त्रज्ञ एकच उत्तर देत राहिले: ज्वालामुखी. यात काही खुळेपणा नव्हता. लाव्हाच्या दगडात गोल खड्डा दिसला तर दुसरं काय सुचणार? अडचण एवढीच होती की लाव्हा कोट्यवधी वर्षं जुना आणि खड्डा मात्र अगदी ताजा दिसणारा. मग कुणी वाफेचा स्फोट म्हणालं, कुणी जमीन खचली म्हणालं.

या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा माणूस लोणारपासून फार दूर होता. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९३ मध्ये चंद्रावरची विवरं आघाताने झाली, असं मांडलं. त्या काळी तीही बहुतेकांना ज्वालामुखीच वाटत. पण अॅरिझोनातल्या विवराची स्वतः तपासणी करून त्यांनी तिथे आघात नाकारला! आजूबाजूला लोखंडी उल्का विखुरलेल्या असूनही. खाली लोखंडाचा प्रचंड गोळा असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे, ती हलली नाही. १८९६ च्या निबंधात त्यांनी याच विवराशेजारी लोणारचा दाखला दिला, वाफेच्या स्फोटाचं आणखी एक उदाहरण म्हणून. दोन्ही जागा एका जातीच्या आहेत हे त्यांनी बरोबर ओळखलं, जात तेवढी चुकली.

चूक कुठे होती? आघात म्हणजे चिखलात दगड फेकणं, असं चित्र डोक्यात होतं. तसं असतं तर दगड खाली सापडला असता आणि तिरका आला असता तर खड्डा लांबट झाला असता. पण सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने आलेली वस्तू जमिनीत रुतत नाही. ती क्षणात थांबते आणि तिची गतिज ऊर्जा धक्कालहर होऊन चहूबाजूंना पसरते. त्या दाबाखाली खडक पाण्यासारखा वाहतो, उसळून बाहेर फेकला जातो, काठावरचे थर पान उलटावं तसे उलटे पडतात. लहर गोल पसरते म्हणून खड्डाही गोल. वस्तू फारच तिरकी आली तरच तो लांबट होतो. आलेला पाहुणा मात्र बहुतांशी वितळून, वाफ होऊन जातो. विवर त्याच्या कित्येक पट मोठं असतं. सगळा प्रकार काही सेकंदांचा.

म्हणजे आकार बघून भांडण मिटणार नव्हतं. पुरावा दगडाच्या कणात शोधायला हवा होता. १९६० मध्ये अॅरिझोनात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्‌झवर प्रचंड दाब आला तर ते तयार होतं. पण ही किल्ली लोणारला लागेना, कारण तिथला दगड वाळूचा नाही. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतंच.

१९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारसाठी आघाताची बाजू मांडली. निकाल लागला १९७३ मध्ये. अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्याखाली भोकं पाडून फुटक्या दगडांचा थर गाठला आणि त्यात मास्केलिनाइट दाखवलं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची ही काच. वितळून झालेली नव्हे, तर वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट दाबाने झालेली. एवढा दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला १८७२ मध्ये, बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली, हे खूप नंतर कळलं. मंगळावरच्या आघाताची खूण बिहारमध्ये पडली आणि तीच खूण शंभर वर्षांनी बुलढाण्याच्या दगडात सापडली. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडतं ते हे.

‘बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ हे वाक्य मात्र आता सोडून द्यायला हवं. ब्राझीलमध्ये वार्गेआंव आणि व्हिस्ता अलेग्रे ही विवरं लाव्हाच्याच दगडात आहेत. ती फार झिजलेली आहेत, लोणार नाही. म्हणून तर चंद्र आणि मंगळावरच्या बेसाल्टमधली विवरं समजून घ्यायला लोणारचे दगड अभ्यासले जातात. तेवढा मान पुरेसा आहे.

वयाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षं आली, मराठीत बहुधा हाच आकडा छापला जातो. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून आली सुमारे ५,७०,०००. जवळपास अकरा पट! पहिली पद्धत दगड शेवटचा कधी तापला वा उजेडात आला ते मोजते, त्यामुळे तिचं घड्याळ आघातानंतरही शून्यावर येऊ शकतं. दुसरीत जुन्या बेसाल्टमधला आर्गॉन काचेतून पुरता निघून गेला नाही, तर वय वाढीव दिसतं. २०११ च्या संशोधकांनी तो उरलेला आर्गॉन हिशेबात धरूनच आपला आकडा मांडला आहे, त्यामुळे माझं माप सध्या त्यांच्या बाजूला झुकतं.