कंदील
दिवाळीत गॅलरीत झुलणारा कंदील जन्माने लॅटिन. ‘कँडेला’चा ग्रीक, मग अरबी ‘किंदील’ होत होत तो आपल्या ओसरीवर आला. इंग्रजी ‘कँडल’ही त्याच घरची. लॅटिन ‘कँडेरे’, म्हणजे लखलखणे, आणि संस्कृत ‘चंद्र’ हे एकाच कुळातले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पाहुणा समजलो तो लांबचा भाऊबंद निघाला! आणि टांगतो अमावास्येला, चंद्र नसताना. रीत मात्र इथलीच, जुनी: परतणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून उंच काठीला बांधायचा तो आकाशदिवा. आता न्यू जर्सीच्या लेकीच्या बॅगेत आई घडीचा कंदील सरकवते. 23 किलोंत बसल्या, तर चकल्याही.