निकालाचा दिवस आणि तेंदूची फळी

एक मे. प्राथमिक शाळेत झेंडावंदन होतं आणि बहुतेक वर्षी त्याच सकाळी वर्गशिक्षक निकाल सांगून प्रगतिपुस्तकं वाटतात. ही रीत महाराष्ट्रभर आहे. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मात्र त्या सकाळी गावात मोठं माणूस सापडणं कठीण, कारण विडीसाठीच्या तेंदूपानांचा हंगाम ऐन भरात असतो. बाया-माणसं पहाटेच रानात शिरतात, ऊन तापायच्या आत पानांची ओझी घेऊन परततात आणि मग दुपारभर ओसरीत पानं जुळवत बसतात. सत्तर पानांचा एक पुडा. पानं सारखी लावायची, फाटकं पान बाजूला टाकायचं, पुडा घट्ट बांधायचा, की संध्याकाळी तो फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायचा. कित्येक घरांची वर्षाची मोठी रोख कमाई या दोन-तीन आठवड्यांतच होते. त्याच ओसरीत, पानांच्या ढिगाशेजारी, पोरीच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही होते किंवा अंगठा उमटतो. आत काय लिहिलंय ते अनेकदा पोरगीच वाचून दाखवते.

मुलाच्या शिकण्याची खबर घरापर्यंत नेणारा हा कागद आपल्याकडे आला कसा, याचा माग काढला की एक गोष्ट लक्षात येते. शाळेतले बहुतेक कागद घरासाठी जन्मलेच नाहीत. ते वर, साहेबाकडे जाण्यासाठी जन्मले. त्यांचं तोंड घराकडे वळवायला दीडशे वर्षं लागली, आणि या दोन जिल्ह्यांत ते पुरतं वळलंय असं मला आजही वाटत नाही.

इंग्रजी अमलाआधीच्या पंतोजीच्या शाळेत असा कागदच नव्हता. पंतोजी गावातच राहायचा, त्याचा मेहनताना धान्यात, सणावारी शिध्यात मिळायचा. पोराला पाढे येतात की नाही, हे बापाला ओट्यावरच कळायचं. ती व्यवस्था फार थोड्या जातींपुरती होती, त्यामुळे तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण शिकवणारा आणि घर यांच्यात अंतर नव्हतं, एवढं खरं.

अंतर पडलं ते सरकारी शाळेबरोबर. १८५४ हे साल या भागासाठी दुहेरी महत्त्वाचं. त्या वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि त्यात चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूखही, गेला. त्याच वर्षी लंडनहून वूडचा शिक्षणविषयक खलिता आला. सरकारी शिक्षण खातं, तपासणी आणि अनुदान यांची घडी त्यातून बसली. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, पुढच्याच वर्षी त्याचं शिक्षण खातं उभं राहिलं. मास्तराच्या टेबलावर मग वह्यांची चळत वाढत गेली. हजेरीपट आला, दाखल-खारीज रजिस्टर आलं, शेरेबुक आलं. वर्षातून कधीतरी ‘डिप्टी’, म्हणजे शाळा तपासणारा साहेब, यायचा, पोरांना उभं करून वाचायला लावायचा, गणितं घालायचा आणि जाताना शेरेबुकात शेरा लिहायचा. अनेक प्रांतांत शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरत होतं, म्हणजे पोराच्या एका चुकलेल्या भागाकाराची किंमत शाळेला मोजावी लागायची. आज प्रगतिपुस्तकात ‘शेरा’ नावाचा रकाना दिसतो, तो या घराण्यातला आहे. तपासणाऱ्यानं तपासलेल्याबद्दल वरच्याला कळवायचं, हा त्याचा मूळ स्वभाव.

आणि शाळेकडून घराला रीतसर कागद जाण्याची पहिली मोठी सोय झाली, तीही पोराची प्रगती सांगण्यासाठी नव्हती. १९२० मध्ये मध्यप्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा आला. स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करण्याची वाट त्यानं मोकळी केली. या काळातल्या अशा कायद्यांमध्ये मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला नोटीस आणि दंड यांची तरतूद असे. शाळेचा शिक्का असलेला कागद घरी आला म्हणजे काहीतरी बालंट आलं, ही धास्ती जंगलातल्या गावांत खोलवर गेली असेल तर नवल नाही. तिथे खाकी कपड्यातला माणूस आणि शिक्क्याचा कागद यांचा पूर्वानुभव जंगल खात्याकडून आलेला होता.

पालकाशी बोलायचं म्हणजे त्याला दटावायचं नाही, हा विचार मराठीत आणण्याचं श्रेय मी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना देतो. काही वर्षं अमरावतीत संसार केलेल्या या बाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या. गिजुभाईंच्या गुजराती ‘शिक्षणपत्रिके’ला त्यांनी १९३०च्या दशकात मराठी भावंड दिलं. मूल हट्ट का करतं, त्याला मारू का नये, खेळताना ते काय शिकतं, हे आईबापांना समजेल अशा भाषेत सांगणारं ते मासिक होतं. पण वाचता येणाऱ्या घरांपलीकडे मासिक जाऊ शकत नाही, हे ताराबाईंनाही कळत होतं. म्हणूनच पुढे बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी अंगणवाडी काढली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मासिक पोचत नाही तिथे शाळाच उचलून अंगणात नेली, तेव्हा शाळेत काय चाललंय हे आईला चुलीपासून दिसू लागलं. आदिवासी भागात घराला शाळेची खबर द्यायची कशी, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर त्यानंतर फार कमी जणांना सुचलं.

चांद्याकडे मधल्या काळात कारभार बदलत राहिला. जनपद सभा आल्या, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या सगळ्या काळात घरी येणारी खबर मात्र गुणांच्या आकड्यांपलीकडे दोनच शब्दांची राहिली: पास किंवा नापास.

ते दोन शब्द तरी कुठल्या भाषेत सांगायचे? ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरीकडे घरात झाडीबोली. धानोऱ्यात गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची बंगाली. आणि प्रगतिपुस्तक बहुतेक ठिकाणी एकाच प्रमाण मराठीत. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकशाला दवाखाना चालवायला आले तेव्हा त्यांना आधी माडिया शिकावी लागली. औषध कसं घ्यायचं हेच रोग्याला समजत नसेल तर दवाखाना कशाला? १९७६ मध्ये तिथे त्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा सुरू झाली, तेव्हा हाच प्रश्न मुलांबाबत उभा राहिला. मुलं गोळा करायला कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावं लागलं. ज्या आईबापांनी शाळा कधी पाहिली नव्हती, त्यांनी आपलं पोर महिनोन्महिने तिथे ठेवायचं होतं. निवासी शाळेत हे अंतर आणखी ताणतं, सरकारी आश्रमशाळांतही ताणतं. मूल रोज घरी येत नाही, त्यामुळे ‘आज काय शिकलास?’ हे विचारायची सोयच नाही. आठवडी बाजारात शिक्षक भेटला तर पोराची खुशाली कळते. तिखट-मीठ घेता घेता झालेल्या या पालकसभेची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही, पण कितीतरी घरांना मिळणारी तेवढीच खरी खबर असते.

कायद्याच्या भाषेत पालकाची जागा बदलली ती २०१०च्या सुमारास. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं सांगितलं की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ज्याला नोटीस जायची तो आता शाळेच्या आराखड्यावर सही करणारा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकाचा चेहरा पालटला. गुणांच्या जागी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या. पहिली-दुसरीत सत्तर टक्के भार वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला आणि तीसच टक्के सत्राअखेरच्या परीक्षेला मिळाला. शिवाय तीन नवे रकाने आले: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक.

प्रगतिपुस्तकाच्या सगळ्या इतिहासात मला हे तीन रकाने सर्वांत मोलाचे वाटतात. इथे शिक्षकाला पहिल्यांदा वाक्य लिहायचं होतं, आणि वाक्य माणसाला उद्देशून लिहिलं जातं. दुर्दैवानं वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका लगोलग बाजारात आल्या. ‘वर्गात लक्ष देतो’, ‘गृहपाठ वेळेवर करतो’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’ अशा नोंदी चाळीस पोरांच्या पुस्तकांत आलटून पालटून उतरवल्या गेल्या. त्यासाठी मी एकट्या शिक्षकाला दोषी धरणार नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग, वर पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरायची, त्यात प्रत्येक पोराबद्दल नवं वाक्य सुचणं सोपं नाही. पण फरक किती पडतो ते पाहा. ‘गणितात सुधारणा आवश्यक’ हे वाचून आई काहीही करू शकत नाही. ‘दोन अंकी बेरीज येते, हातच्याची आली की अडतो’ हे कळलं, तर तेंदूचे पुडे मोजताना ती त्याच्याकडून तेवढीच बेरीज करून घेऊ शकते. अठ्ठेचाळीस आणि सत्तावीस पुडे मिळून किती? आठ आणि सात पंधरा, हातचा एक. या घरांत मोजणं रोज चालतं. घरात काय मोजलं जातं हे शाळेला माहीत नसतं आणि शाळेत काय अडलंय हे घराला.

मग २०२० साली शाळाच बंद झाल्या आणि घर हाच वर्ग झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास येऊ लागला. पण जिथे टॉवरच नाही, किंवा घरात साधाच फोन आहे, तिथे काय? नागपूर विभागात त्या पावसाळ्यात एक जुनं साधन कामी आलं. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘प्रथम’ संस्थेच्या मदतीनं ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. घरच्याच वस्तू घेऊन करायच्या कृती, गोष्टी, कोडी त्यात असत, आणि मुलांचे व पालकांचे आवाजही. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की रेडिओ ऐकायला वाचता यावं लागत नाही. आई, आजी, पोर एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतात, आणि मग कुणी कुणाला वाचून दाखवायची गरज उरत नाही.

दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांनी आणखी एक टप्पा ओलांडला. पहिलीत येणारं मूल आईबरोबर सात टेबलांवरून फिरतं. नाव नोंदवतं, आखलेल्या रेषेवरून चालतं, उडी मारतं, चित्र पाहून बोलतं, वस्तूंचे गट करतं, मोजतं. त्याला काय जमलं, कुठे मदत लागली ते विकासपत्रावर लिहिलं जातं, आणि ते लिहिलं जात असताना आई समोरच उभी असते. शेवटच्या टेबलावर घरी काय करायचं ते तिला सांगतात. मग वस्तीतल्या मातांचे गट होतात, त्यातली एक ‘लीडर माता’. तिच्या फोनवर दर आठवड्याला कृती येते, ती इतर जणींना बोलून सांगते, स्वतःच्या बोलीत. शाळेच्या कागदांना दीडशे वर्षांत जे साधलं नव्हतं ते इथे साधलं: मुलाला काय येतं हे आईनं डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या भाषेत तिला ते कळलं.

मोठ्यानं बोलून सगळ्यांना कळवायचं, ही या जिल्ह्यांतली मूळची पद्धत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात. सगळ्यांना समजेपर्यंत बोलणं चालतं, बहुमतानं निकाल लावत नाहीत. याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये एक पाऊल पुढे टाकत गोंडी माध्यमाची स्वतःची शाळाच काढली. शिक्षण खात्यानं मान्यता नसल्याचं कारण देत हरकत घेतली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. मान्यतेचा प्रश्न कायद्यानं सुटेल तसा सुटो. पण त्या शाळेत शिकवणारा ग्रामसभेला उत्तर देतो, आणि घरात बोलतात त्याच भाषेत देतो. शेऱ्याचा प्रवास इथे उलटा झालाय.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं समग्र प्रगतिपत्रक सुचवलंय. त्यात शिक्षकाबरोबर मुलानं स्वतःबद्दल, सोबत्यानं सोबत्याबद्दल आणि पालकानंही आपल्या मुलाबद्दल सांगायचं आहे. पालकाला आजवर फक्त सहीची रेघ मिळाली होती, आता रकाना मिळतोय. तो माडियात, गोंडीत, तेलुगूत, बंगालीत, झाडीबोलीत तोंडी भरून घ्यायची सोय या दोन जिल्ह्यांत व्हायला हवी. लिहून घ्यायला शिक्षक घरी जावा, आणि आई म्हणाली की पोरगी पाखरांच्या आवाजावरून पाखरू ओळखते, तर ते तिच्याच शब्दांत ‘विशेष प्रगती’मध्ये उतरावं.