मारधाडीच्या बोलपटांचे ऋण

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच १९३६ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘मिस फ्रंटियर मेल’ काढला. त्यात धावत्या आगगाडीच्या टपावर एक तरुणी गुंडांशी झुंजते. पहिला बोलपट सहकुटुंब पाहावयाचा, दुसरा पिटातल्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारीत पाहावयाचा, असा भेद सुशिक्षित समाजाने केला. तो कितपत न्याय्य होता, याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

ही तरुणी म्हणजे नादिया. जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. मूळ नाव मेरी इव्हान्स. जमशेद व होमी या वाडिया बंधूंनी १९३३ साली आपली संस्था स्थापन केली आणि १९३५ च्या ‘हंटरवाली’ने नादियाचे नाव सर्वतोमुखी केले. कथानक साधेच. कपटी वजीर राजाला बंदीत टाकतो. राजकन्या मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन अन्यायाचा समाचार घेते. पैसा बेताचा, योगायोग अफाट, आणि नायिकेच्या साहसाला सीमा नाही. मात्र त्या उड्या व त्या झुंजी नादिया स्वतः करीत असे. तिच्या घोड्याचे नावही ‘पंजाब का बेटा’ असे मोठ्या डौलाचे!

अशा भाबड्या अतिशयोक्तीची गोडी वर्षे लोटली तरी का टिकावी? कोकण-गोव्यातील देवळांच्या जत्रांत ज्यांनी दशावतार पाहिला आहे, त्यांस याचे उत्तर शोधावे लागणार नाही. तेथे लाकडी बाकडे हेच सिंहासन असते. तलवार खोटी आहे हे मुलांसही ठाऊक असते. तरीही संकासुर आला की अंगावर काटा उभा राहतो. साधनांची उणीव प्रेक्षक आपल्या श्रद्धेने भरून काढतो. म्हणून अशा खेळाच्या स्मृतीत आपलाही वाटा असतो.

शिवाय भक्तिपट आणि मारधाडपट यांची घरे वेगळी नव्हती. ‘ख्वाब की दुनिया’त (१९३७) काळ्या दोऱ्याने वस्तू हलविणारे बाबूभाई मिस्त्री हेच पुढे ‘संपूर्ण रामायण’चे (१९६१) दिग्दर्शक झाले. ‘श्रीगणेश महिमा’ (१९५०) हा बोलपट काढणारे होमी वाडिया हे ‘हंटरवाली’चेच कर्ते. वीर व अद्भुत हे रस दोहोंकडे एकाच हातांनी वाढले.

या अवहेलनेची किंमत मात्र जबर पडली. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील तलवारबहाद्दर नायक. १९३१ च्या ‘आलम आरा’चे, आपल्या देशातील पहिल्या बोलपटाचेही, तेच नायक. त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती ज्वालाग्राही. कित्येक जळाल्या, कित्येक कुजल्या, कित्येक आतील चांदीसाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळसे हातचे गेले होते. ज्यास हलके मानले, ते जपावे कोणी?

जुन्या ट्रंकांत त्या खेळांची गाण्यांची पुस्तके व जाहिराती अजून कोठे कोठे सापडतात. वाचकांनी त्या रद्दीत घालू नयेत. आणि घरातील वृद्धांस त्या खेळांविषयी विचारून त्यांचे सांगणे लिहून ठेवावे. फिती गेल्या, निदान आठवणी तरी राहोत.