स्तनार्बुदातील ग्राही-प्रथिने आणि ऊतकाचा प्रवास : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

स्तनाच्या कर्करोगाचा अंडाशयाशी संबंध आहे, हे ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 1896 साली दाखवून दिले. अंडाशय काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या गाठी ओसरल्या. इतरांच्या का ओसरल्या नाहीत, हे मात्र कोडेच राहिले. त्याचा उलगडा 1958 नंतर शिकागो येथे एलवूड जेन्सन यांच्या प्रयोगांतून होऊ लागला. इस्ट्रोजेन या संप्रेरकास धरून ठेवणारे ग्राही-प्रथिन ज्या अर्बुदांत असते, तीच बहुधा अशा उपचारास दाद देतात. मुंबईतही त्याच सुमारास, 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, कमल रणदिवे उंदरांच्या स्तनार्बुदांवरून आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा संबंध शोधीत होत्या.

ग्राही मोजण्याची आरंभीची रीत किरणोत्सर्गी इस्ट्रोजेनची होती. तिला ताजे, तत्काळ गोठविलेले ऊतक लागे. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालील गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत खरी. परंतु घाटावरील मेहकर वा लोणार येथील रुग्णेच्या गाठीस गोठलेल्या स्थितीत मुंबईस पोहोचविणे कल्पनेपलीकडचे होते. पुढे प्रतिपिंडांच्या साहाय्याने मेणात बसविलेल्या ऊतकाच्या कापांवरच ग्राही रंगविता येऊ लागले. आता ऊतक दूर पाठविता येईल, असे वाटले. एक अट मात्र कायम राहिली : गाठ काढताच ती फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे.

ही अट दिसते तितकी सोपी नाही. फॉर्मॅलिन ऊतकात तासाला सुमारे 1 मिलिमीटर एवढ्याच मंद गतीने शिरते. संपूर्ण स्तन न कापता बरणीत टाकला, तर बाहेरची कड पक्की होते आणि आतील अर्बुद कुजू लागते. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात तर ही क्रिया अधिकच त्वरेने घडणार. अशा ऊतकातील ग्राही नष्ट होतात आणि अहवालात 'अभाव' असे लिहिले जाते. त्या एका शब्दामुळे टॅमॉक्सिफेनसारखे स्वस्त व उपयुक्त औषध रुग्णेस मिळत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 798 अर्बुदांच्या अभ्यासात इस्ट्रोजेन-ग्राही केवळ 32.6 टक्के, तर प्रोजेस्टेरॉन-ग्राही 46.1 टक्के अर्बुदांत आढळले. पाश्चात्त्य देशांत इस्ट्रोजेन-ग्राहीचे प्रमाण सुमारे 70 टक्के असते. आपल्याकडील रुग्णा वयाने तरुण असतात, म्हणून काही अंतर खरेच असावे. पण प्रोजेस्टेरॉन-ग्राहीची निर्मिती मुख्यतः इस्ट्रोजेन-ग्राहीच्या प्रेरणेने होते. मग कार्य कारणाहून अधिक कसे? या विसंगतीकडे पाहता, उणीव स्त्रियांच्या शरीरात जितकी शोधावी तितकीच बरणीतही शोधावी लागते. त्याच रुग्णालयाच्या पुढील पाहण्यांत संप्रेरक-ग्राहींचे प्रमाण निम्म्याहून अधिक भरले. अवघ्या काही वर्षांत स्त्रियांची शरीरप्रकृती पालटली, असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न येथेच थांबत नाही. 2003 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अल-हज्ज, क्लार्क व सहकारी यांनी दाखविले की, पृष्ठभागावर सीडी-44 हे प्रथिन असलेल्या आणि सीडी-24 नसलेल्या अथवा अल्प असलेल्या अवघ्या सुमारे 100 पेशी उंदरात नवे अर्बुद निर्माण करू शकतात. इतर प्रकारच्या हजारो पेशींना ते साधत नाही. यांनाच कर्कमूलपेशी म्हणू लागले. नंतरच्या अभ्यासांत ही खूण ग्राहीविहीन अर्बुदांच्या एका वर्गात अधिक दिसून आली. परंतु तुलनेसाठी घेतलेली 'ग्राहीविहीन' अर्बुदे मुळातच वाईट जतनामुळे तशी ठरलेली असतील, तर मूलपेशींच्या खुणा व ग्राही यांच्या संबंधाविषयीचे अनुमानही डळमळीत होते. भारतीय ऊतकसंग्रहांवर लिहिलेले प्रबंध वाचताना प्रथम जतनाची पद्धत पाहावी, ती यासाठीच.

2010 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांच्या संस्थांनी संयुक्त नियम घालून दिले : ऊतक एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावे, तेथे किमान 6 व कमाल 72 तास राहावे, आणि 1 टक्का पेशी रंगल्या तरी ग्राही आहेत असे मानावे. गाठ कितीला काढली आणि कितीला बरणीत टाकली, या दोन वेळा पाठवणीच्या चिठ्ठीवर लिहिण्यास पेन्सिलीखेरीज काही लागत नाही.