‘रक्तातच आहे’ : एका वंशावळीची गोष्ट

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर परगण्यात आमिश पंथाचे लोक राहतात. साधी शेती, प्रवासाला घोडागाडी, दारूचे व्यसन विरळाच. अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या मोजक्या कुटुंबांचे हे वंशज. लग्ने पंथातच होतात, मुले पुष्कळ, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी जपून ठेवलेल्या. आनुवंशिकतेच्या अभ्यासकाला आणखी काय हवे?

जॅनिस एगलंड यांनी 1976 मध्ये येथे बायपोलर विकाराचा अभ्यास सुरू केला. या आजारात उन्माद आणि खोल नैराश्य यांचे झटके येतात. अशा शिस्तीच्या समाजात उन्माद चटकन नजरेत भरतो: घोडा बेफाम पिटाळणे, सार्वजनिक फोनवर सतत बोलत राहणे. काही घराण्यांत आजार पुन्हा पुन्हा दिसे. 1880 ते 1980 या शंभर वर्षांत नोंदल्या गेलेल्या 26 आत्महत्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अवघ्या चार घराण्यांत घडल्या होत्या. आमिश लोक म्हणत, हे रक्तातच आहे.

रक्तात म्हणजे नेमके कोठे? गुणसूत्रावर जवळजवळ असलेले भाग पुढच्या पिढीत सहसा एकत्रच जातात. म्हणून एखादी ओळखता येणारी खूण आजारी माणसांतच वारंवार आढळली, तर आजाराशी संबंधित जनुक तिच्या आसपास असावा, असे अनुमान करता येते. 81 जणांच्या एका वंशावळीत अशी खूण अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी सापडली. निदान करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची नावे आणि नाती कळू दिलेली नव्हती. आकडेशास्त्राची हजारास एक ही रूढ कसोटीही सहज पार झाली. फेब्रुवारी 1987 मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि बातमी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेली. त्याच अंकात आइसलँडमधील व अमेरिकेतील इतर कुटुंबांत असा संबंध आढळला नाही, असे सांगणारे दोन निबंधही होते. त्यांची चर्चा फारशी झाली नाही.

पुढे ‘निरोगी’ म्हणून नोंदलेल्या दोन व्यक्ती आजारी पडल्या. एवढ्यानेच पुराव्याचे वजन कितीतरी घटले! वंशावळीच्या आणखी शाखा तपासल्यावर उरलासुरला आधारही गेला. 1989 मध्ये जॉन केल्सो आणि सहकाऱ्यांनी ही फेरतपासणी ‘नेचर’मध्येच छापली. सहलेखकांत स्वतः एगलंडही होत्या, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे.

मेंडेलचा वाटाणा एकदा गोल ठरला की गोलच राहतो. माणसाच्या बाबतीत ‘निरोगी’ याचा अर्थ ‘आजवर आजारी पडलेला नाही’ एवढाच. हा आजार विशीत-तिशीत, कधी त्याहून उशिराही उमटतो. वर्गात वंशावळीचा तक्ता काढताना आपण रिकामा चौकोन किती निःशंकपणे काढतो!

अकराव्या गुणसूत्रावरचा तो दावा मागे पडला, पण आजार घराण्यांतून चालतो हे निरीक्षण टिकले. 2021 मध्ये 40 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातील 64 ठिकाणे या आजाराशी जोडलेली आढळली. प्रत्येकाचा वाटा अगदी अल्प आहे, आणि त्यांतले कुठलेही असले तरी आजार होईलच असे नाही.