रस्त्यावरच्या गाण्यांची तीन बाडं

1814 चा ऑगस्ट महिना. ब्रिटिश फौज वॉशिंग्टनमध्ये शिरली आणि तिने अमेरिकेचं संसद भवन पेटवून दिलं. त्या आगीत संसदेचं ग्रंथालयही गेलं. सुमारे 3,000 पुस्तकांची राख झाली.

त्याच उन्हाळ्यात, तिथून दूर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी, 65 वर्षांचा एक श्रीमंत मुद्रक वेगळ्याच उद्योगात होता. बॉस्टनच्या रस्त्यावर विकली जाणारी गाण्यांची सुटी पानं तो बांधून घेत होता. तीनशेहून जास्त पानं, तीन बाडं. भल्या घरात कोणी ठेवणार नाही असा हा माल होता.

त्याचं नाव आयझाया थॉमस. आज अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातला सामान्य माणूस काय गात होता, हे शोधायला अभ्यासक त्याच्या या तीन बाडांकडे जातात.

आधी हे कागद काय होते ते सांगतो. इंग्रजीत त्यांना ब्रॉडसाइड म्हणतात. एकाच बाजूला छापलेला सुटा कागद. वर लाकडी ठशाचं एखादं चित्र, खाली गाणं किंवा कविता. विषय कोणते? बुडालेलं जहाज, फाशी गेलेला खुनी, जिंकलेली लढाई, फसलेलं प्रेम. स्वरलिपी बहुतेक वेळा नसायचीच. आपल्या जुन्या पदांच्या चोपड्यांत ‘चाल – अमुक’ असं लिहिलेलं असतं ना, अगदी तसं ओळखीच्या चालीचं नाव वर दिलं की काम झालं. फेरीवाला ओरडत विकायचा, लोक घ्यायचे, गायचे, भिंतीला चिकटवायचे आणि मग कागद कचऱ्यात.

कचऱ्यात म्हणजे किती कचऱ्यात? बेंजामिन फ्रँकलिनचंच उदाहरण घ्या. लहानपणी भावाच्या छापखान्यात उमेदवारी करताना त्याने अशी दोन गाणी रचली होती. एक बॉस्टनच्या दीपगृहाचा रखवालदार कुटुंबासह बुडाला त्या 1718 च्या दुर्घटनेवर, दुसरं एका चाच्यावर. पहिलं तर हातोहात खपलं, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवलंय. वडिलांनी मात्र कविता करणारे भिकेलाच लागतात म्हणून त्याला त्यातून बाहेर काढलं. पुढे हा मुलगा देशाच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याची ही पहिली छापील रचना गावभर विकली गेली होती, तरी तिची एकही खात्रीची प्रत आज कोणाकडे नाही. का? कारण ती जपून ठेवण्यासारखी कोणाला वाटलीच नाही.

थॉमसला मात्र हा माल आतून माहीत होता. सहा वर्षांचा असताना त्याला बॉस्टनच्या एका मुद्रकाकडे बांधून दिलं होतं. बाकावर उभं राहून त्याने खिळे जुळवले ते असल्याच एका चावट गाण्याचे. तेव्हा त्याला धड वाचताही येत नव्हतं. पुढे तो मोठा झाला, ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ हे वर्तमानपत्र काढलं, 1775 मध्ये युद्धाला तोंड फुटायच्या बेतात छापयंत्र गुपचूप बॉस्टनबाहेर हलवलं. 1810 मध्ये अमेरिकेतल्या मुद्रणाचा इतिहास लिहिला आणि 1812 मध्ये अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन केली. संस्था बॉस्टनसारख्या बंदरात न ठेवता आत वूस्टरला ठेवली, त्यामागे एक कारण स्पष्ट होतं. मोठी शहरं जळतात आणि शत्रूचं आरमार बंदरावरच येतं. दोन वर्षांत वॉशिंग्टन जळालं तेव्हा त्याचा हिशेब किती बरोबर होता ते दिसलंच.

ही पानं त्याने नॅथॅनिएल कव्हर्ली या गाणी छापून विकणाऱ्याकडून घेतली. त्याने त्यातली चांगली-चांगली निवडली नाहीत, दुकानात जे होतं ते उचललं. त्याला ती आवडत होती असंही नाही. बाडांवर त्याने लिहून ठेवलंय की खालच्या थरातल्या लोकांत सध्या काय चालतं, हे पुढच्यांना कळावं म्हणून ही जपली आहेत. शब्दांत तुच्छता आहे. पण कागद शाबूत आहेत! मला या माणसाचं हेच मोठेपण वाटतं. स्वतःची आवड त्याने संग्रहाच्या आड येऊ दिली नाही.

आता त्याच वर्षाचा सप्टेंबर पाहा. बाल्टिमोरजवळच्या मॅकहेन्री किल्ल्यावर रात्रभर तोफगोळे पडले. फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने ते जहाजावरून पाहिलं आणि कविता लिहिली. काही दिवसांतच ती सुट्या पत्रकावर छापून निघाली. त्यावर कवीचं नाव नाही, छापखान्याचं नाव नाही. चालीचं नाव मात्र आहे. 1931 मध्ये तेच गाणं अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीत झालं. त्या पहिल्या पत्रकाच्या आज फक्त दोन प्रती माहीत आहेत. राष्ट्रगीताची ही गत, तर बाकीच्यांचं काय झालं असेल?

आणि कधीकधी असा एक कागद माणसाची अख्खी परिस्थिती सांगतो. 1770 मध्ये बॉस्टनला एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या मृत्यूवरची कविता पत्रक म्हणून छापली गेली. कवयित्री फिलिस. आफ्रिकेतून पकडून आणलेली, गुलाम म्हणून विकलेली मुलगी. पत्रकावर तिचं वय 17 दिलंय, तिचा मालक कोण तेही दिलंय आणि या देशात येऊन तिला नऊच वर्षं झाली हेही दिलंय. ती एक नोंद वाचली तरी पुरे, लांबलचक भाष्याची गरज पडत नाही. तीन वर्षांनी तिचं पुस्तक निघालं, तेही बॉस्टनला नाही, लंडनला. कारण बॉस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नव्हते.

पण जमवलं की झालं, असं नसतं. थॉमसच्या बाडांची नीट छापील सूची व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती 1920 च्या दशकात वर्थिंग्टन फोर्डने केली. तोवर कागद होते, पण कशात काय आहे ते सापडणं मुश्किल.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. कागदावर तारीख नाही, कवी नाही. एकच गाणं चार शीर्षकांनी छापलेलं, म्हणून पहिल्या ओळीची नोंद करायची. एकाच चालीवर वीस गाणी, म्हणून चालीची वेगळी सूची करायची. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ दिसला तर कागद साधारण 1800 च्या आधीचा धरायचा. मुद्रकाचा पत्ता पाहायचा, कारण तो दुकान बदलत राहतो आणि कोणत्या वर्षी कुठे होता ते इतर कागदांवरून कळतं. चित्राचा ठोकळाही बोलतो. नव्या छापात झिजलेला, तडा गेलेला दिसतो.

यादवी युद्धाच्या काळात तर अशा गाण्यांचा पूर आला. फिलाडेल्फियाचा जॉन मॅकॅलिस्टर, घराण्याचा धंदा चष्म्यांचा, युद्ध चालू असतानाच ही पानं जमवत होता. 1886 मध्ये त्याने आपला संग्रह तिथल्या लायब्ररी कंपनीला दिला. तिच्याकडच्या गीतपत्रकांची सूची एडविन वुल्फने 1963 मध्ये प्रसिद्ध केली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली 4,291 गीतपत्रकं ऑनलाइन खुली केली आहेत, थॉमसची पानंही आता घरबसल्या पाहता येतात.

पाहाल तेव्हा एक तयारी ठेवा. त्यात देशभक्ती आहे, विनोद आहे आणि कृष्णवर्णीयांची किळसवाणी टिंगलही आहे, ढिगाने. उत्तरेची गाणी आहेत, दक्षिणेची आहेत, एकाच चालीवर एकमेकांना शिव्या घालणारी आहेत. लाजिरवाणी पानं काढून टाकली असती तर संग्रह स्वच्छ दिसला असता, पण इतिहास खोटा झाला असता. आमच्या पूर्वजांनी असलं काही गायलंच नाही, असं मग बिनधास्त म्हणता आलं असतं.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या ट्रंकेत मेळ्यातल्या पदांची चोपडी, मोर्चातल्या गाण्याचं पत्रक, अगदी न आवडणाऱ्या पक्षाचं प्रचारगीत सापडलं, तर रद्दीवाल्याला देण्याआधी जरा थांबा. मागच्या बाजूला कोपऱ्यात, पेनने नाही, पेन्सिलने हलक्या हाताने लिहा : कुठे मिळालं, कधी, कोणाकडून.

थॉमसला ती गाणी आवडत नव्हती. तरी त्याने ठेवली. तुमच्याकडे असं काही आहे का?