तालमीचा उंबरा

मी मसुऱ्याचा. मालवण तालुक्यातलं मसुरे. डोक्यावर भरतगड, पायाशी गड नदी. आंगणेवाडीची भराडी देवी याच गावातली. तिच्या जत्रेला मुंबईहून माणसांचा पूर लोटतो. या वर्णनात आमची वाडी कधी येत नाही, ते सोडा. मला आज दुसरीच गोष्ट सांगायची आहे.

शाळा दहावीपर्यंत. सध्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. इतिहास मला कुणी शिकवला नाही. पाळी सुटल्यावर, डोळे मिटत असताना, जमेल तसा वाचला. चुकलो तर कान धरा, पण ऐकून घ्या.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा समाजमंदिरात पोरांची बैठक चालली होती. वाडीला व्यायामशाळा पाहिजे. एक म्हणाला, सिमेंटचा हॉल बांधू, आरसे लावू, मशिनी आणू. दुसरा म्हणाला, मशिनी गंजतात, लाल मातीचा हौद करू. तिसरा म्हणाला, दंड फुगवून काय करणार, आधी वाचनालय काढा. आवाज चढले. दारात माझी आजये बसली होती. ती एवढंच म्हणाली, "हौद बांधशात रे, पण त्या हौदात उतारतलो कोण?"

पोरं हसली. मला मात्र हसू येईना. कारण तालमीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं पुणं घ्या. त्याच्या दरबारी बाळंभटदादा देवधर नावाचे मल्ल होते. निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान पुण्यात येऊन कुस्तीचं आव्हान देऊ लागले, तेव्हा देवधरांनी लाकडी खांबावर डाव घोटून त्यांना उत्तर दिलं, अशी परंपरेतली कथा आहे. मल्लखांबाची आजची विद्या तिथून पसरली असं मानतात. खांबाचा उल्लेख त्याहून जुना आहे, बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात तो सापडतो. पण पुढं शिष्यांच्या हातून ती विद्या वाढली ती पेशवाईतल्या तालमीतून. विद्या मोठी आहे. मल्लखांबाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

मी त्याच तालमीच्या बाहेर उभा आहे, एवढंच.

बाहेर काय चाललं होतं ते एका चौदा वर्षांच्या पोरीनं लिहून ठेवलं. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांगाची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. त्यात ती पेशवाईबद्दल सांगते, की मांग किंवा महार तालिमखान्यापुढून गेला तर त्याचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत. आत खांबाला एरंडेल चोळलं जात होतं आणि बाहेर रस्त्यानं जाणं हाच आपला गुन्हा होता. मित्रहो, व्यायामशाळेच्या इतिहासाची पुस्तकं खांबापासून सुरू होतात. आपला इतिहास त्या रस्त्यापासून सुरू होतो.

आता लहुजींकडं या. लहुजी राघोजी साळवे. जन्म १७९४, पुरंदरच्या बाजूचं मांगाचं घराणं, शस्त्रात मुरलेलं. बाप राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध पडला असं घराण्याची परंपरा सांगते. पेशवाई बुडाल्यावर लहुजींनी पुण्यात गंज पेठेत तालीम घातली. साल १८२२ सांगतात. गुलटेकडी तिथून लांब नाही. ज्या शहरात तालमीपुढून जाणाऱ्या मांगाच्या मुंडक्याचा चेंडू होत होता, त्याच शहरात एक मांग तालमीचा वस्ताद झाला. माझ्या लेखी हा महाराष्ट्रातल्या व्यायामाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा डाव. याला कुस्तीच्या पुस्तकात नाव नाही.

तिथं दांडपट्टा होता, निशाणबाजी होती. आणि शिकायला कोण येत होतं? जोतीराव फुले. माळ्याचा मुलगा मांगाच्या हाताखाली पट्टा फिरवायला शिकला. वासुदेव बळवंत फडक्यांचंही नाव लहुजींच्या शिष्यांत घेतात. म्हणजे बामणाचा मुलगासुद्धा त्या मातीत आला. ज्यांना कुणीच आत घेत नव्हतं, त्यांनी बांधलेल्या तालमीत सगळ्यांना जागा होती.

आणि ही तालीम नुसती दंडाची राहिली नाही. जोतीरावांनी १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, तेव्हा घरोघर जाऊन आईबापांना समजावणाऱ्यांत लहुजी होते, राणबा महार होते. मुक्ता लहुजींच्याच घराण्यातली असं सांगतात. म्हणजे बघा. तालिमखान्यापुढचा खून जिनं कागदावर आणला, तिला शाळेपर्यंत पोचवणारी माणसं तालमीची होती. आमच्या बैठकीत "हौद की वाचनालय" म्हणून जे भांडण लागलं, ते लहुजींनी आणि जोतीरावांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिटवून ठेवलं होतं. आम्हाला माहीत नव्हतं, एवढंच.

बाकीच्या आपल्या माणसांना तालीम कुठं मिळाली? पलटणीत. इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातले महार मोठ्या संख्येनं होते. कवायत, नेम, शिस्त, वेळेवर भाकरी आणि वर पलटणीची शाळा. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच फौजेतले, फौजी शाळेतले शिक्षक. आमच्या कोकणातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून मोकळे झाले. कवायतीनं ताठ झालेला कणा पुढं लेखणी धरून बसला. म्हणून तर १८९० नंतरच्या वर्षांत महारांची भरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी सरकारकडं गाऱ्हाणं घातलं. आपली तालीमच बंद झाली होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ साली, बेळगावात.

मधल्या काळात ही जुनी शिपाईगडी माणसं कुठं दिसतात? महाडला. २० मार्च १९२७. तळ्याचं पाणी प्याल्यावर सनातन्यांनी मंडपात घुसून माणसं झोडपली. परिषदेला आलेल्यांत फौजेतले गडी होते, त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ताकद नसलेला माणूस गप्प बसला तर त्याला मार खाणं म्हणतात. ताकद असून आवरला तर तो सत्याग्रह. त्याच सुमारास समता सैनिक दल उभं राहिलं. वाडीवस्तीवर लाठी, कवायत, सभेचा बंदोबस्त. भिंती नाहीत, छप्पर नाही, वर्गणीची पावती नाही. आपल्या समाजाची सगळ्यात मोठी व्यायामशाळा ही अशी उघड्यावर होती.

माझा आजा मालवणातून बोटीनं मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. त्याचा बापही गिरणीतलाच. आम्ही तीन पिढ्या रिंग खात्यात. का? तर जुन्या काळी साचे खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढावा लागे, आणि आपली थुंकी लागली तर बाकीच्यांना विटाळ. साचे खात्यात पगार जास्त, रिंग खात्यात कमी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणीपुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. तालमीची माती काय नि गिरणीचा धोटा काय, अडवणूक एकाच गोष्टीची. आपला घाम आणि आपली थुंकी.

आता वाढ कशी होते ते बघू, कारण पोरांना हॉल पाहिजे आणि पोरांचं चुकत नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली आखाडा घातला. त्याचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली त्यांची माणसं बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आली. आज तिथं मैदानं आहेत, कॉलेजं आहेत. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचं, तिथला मल्लखांब परदेशी लोक शिकायला येतात. कष्ट केल्याशिवाय हे होत नाही, त्यांना मान दिलाच पाहिजे. पण हिशेब मांडा. आखाडा वाढायला जागा लागते. जागा टिकवायला कागद लागतो. कागदावर सही द्यायला ओळख लागते, चार देणगीदार लागतात. इकडं कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं आणि अस्पृश्य पैलवानांना आसरा दिला, कारण राजाच्या हातात जमीन होती. लहुजींची तालीम यातल्या कशाहूनही जुनी. तिचं कॉलेज का झालं नाही? वस्तादात कमी होती म्हणून? १७ फेब्रुवारी १८८१ ला लहुजी गेले. संगमवाडीला त्यांची समाधी आहे. मागं जमीन नव्हती, देणगीदार नव्हते. होती ती फक्त विद्या.

माझंही एक सांगतो. गिरणीत लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जवळच्या एका तालमीत गेलो. वस्तादांनी प्रेमानं विचारलं, गाव कुठलं? मसुरे. आडनाव? सांगितलं. मग विचारलं, वाडी कुठली? सांगितली. म्हणाले, उद्या ये. उद्या गेलो तर, हौद खणायचा आहे, चार दिवसांनी ये. चार दिवसांनी गेलो तर हौद खणून, माती चाळून, ताक, तेल, हळद घालून तयार. मला म्हणाले, भरती संपली रे. कुणी शिवी दिली नाही. मुंडकंही उडवलं नाही. फक्त मातीला माझा पाय लागू दिला नाही. नाव घेत नाही, कारण अशी तालीम एकच आहे असं तुम्हाला वाटायला नको.

रूमवर येऊन मी कविता लिहिली आणि फाडली. रागानं लिहिलेली होती, पण खोटी होती. कारण मला आमची वाडी आठवली. चांभारवाडीतली पोरं आमच्या समाजमंदिरात कधी बसली? आमच्या भिंतीवर बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत, जोतीराव आहेत. लहुजी नाहीत. का? तर तो मांगांचा, त्यांनी लावावा. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं ते जोतीराव ज्याला वस्ताद मानत होते, त्याला आम्ही परका केला. आम्ही सोडला म्हणून आता वाटेल तो झेंडा त्याच्या खांद्यावर कुणीही ठेवतो. आणि पोरी? आजयेचा प्रश्न खरा तोच होता. तिनं नंतर मला घरात विचारलं, "तुझी भैन उतारतली काय हौदात?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत हे सगळं मी बोललो. असं मांडलं : हॉल पुढं बघू, आधी जागेचा कागद समाजमंदिराच्या नावानं पक्का करू. मशिनीच्या आधी मल्लखांब घेऊ, तोही दोराचा. कापसाचा जाड दोर, वर कडी, खाली गादी आणि जाणता शिकवणारा, एवढ्यात काम सुरू होतं, आणि दोरावर पोरी पोरांपेक्षा पुढं जातात. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. सकाळची वेळ पोरींची. चांभारवाडीला आमंत्रण नको, सभासदत्व द्या. आणि नाव लहुजी वस्तादांचं.

पहिल्या पाच गोष्टी मान्य झाल्या. नावावर दोघं उठून गेले. त्यातला एक माझा चुलतभाऊ. माझ्याशी तो अजून बोलत नाही. नावाचा ठराव तसाच लोंबकळत आहे. फोटो मात्र भिंतीवर लागला, तो आजयेनंच लावायला सांगितला.

मी फोंडा घाट चढून परत कामावर आलो. चात्या फिरतात तेव्हा समोर सूत ताणलेलं दिसतं आणि तो दोर आठवतो. पुढच्या सुट्टीत कोल्हापुरातून दोर घेऊन जाणार आहे. बहिणीनं फोनवर वजन विचारलं, पेलेल का म्हणून. म्हटलं, दोर पेलेल, वाडीचं बघू.

मित्रहो, तुमच्या वाडीत व्यायामशाळा असेल तर तिच्यातल्या मशिनी मोजू नका. तिच्या दारात एक सकाळ उभे राहा. कोण न विचारता आत जातो, कोण दारात थबकतो आणि कोण त्या रस्त्यानं येतच नाही, ते मोजा. आणि लिहून काढा. मुक्तानं चौदाव्या वर्षी लिहिलं होतं.

जय भीम.